चेनसॉची ताकद वाढवायची तर सायलेन्सर फोडावा का? (नागपूर-काटोलकडच्या जाणकारांनी सांगावं)

काटोली_संत्रा

मंडळी, शेती अवजारांच्या विभागात शोधलं, हा विषय सापडला नाही म्हणून नवा धागा काढतोय.

काटोलच्या पुढे आमची संत्र्याची जुनी बाग आहे. डिंक्या लागून अर्ध्याहून जास्त झाडं वाळली, ती काढून पुन्हा लागवड करायची आहे. धुऱ्यावर (बांधावर) बाभळी आहेत, त्यातल्या काही मागच्या वादळात आडव्या झाल्या. दर वेळी माणूस बोलावणं परवडेना, म्हणून चांगल्या कंपनीची चेनसॉ घेतली. ६० सीसीच्या आतबाहेर, १८ इंची पट्टी. संत्रा बिनतक्रार कापते. पण वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यात पट्टी अर्धी गेली की मशीन गुदमरते, रेस उतरते आणि कधी कधी जागेवर बंद पडते.

कार्बोरेटरचे पेच फिरवून पाहावे म्हटलं तर दोन्हींवर प्लास्टिकच्या टोप्या. जराशा फिरतात आणि अडतात. यूट्यूबवर अमेरिकन मंडळी सांगतात की प्रदूषणाच्या नियमांपायी कंपन्यांनी मशिनींचा गळा आवळलाय. टोप्या उपटा, सायलेन्सर उघडा, मग बघा. इथल्या एका मिस्त्रीनेही तेच सांगितलं, वर म्हणाला की पोर्टही, म्हणजे सिलिंडरची आत-बाहेरची दारं, घासून देतो.

हे खरंच कामाचं आहे का? ताकद किती वाढते? आणि आपल्याकडे असं करायला कायद्याची आडकाठी आहे का? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी सांगावं, व्हिडिओ मीही बघितलेत.

आरएक्स_महालवाला

फोडून टाक ना भाऊ, विचारत कायले बसला! आम्ही कॉलेजात असताना आरएक्स-१०० चे पोर्ट घासले, सायलेन्सरच्या आतली नळी काढली, महालातून निघालो का अंबाझरीपर्यंत कोणाले ऐकत नव्हतो. टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक, गाडीत असो का कटरमधी. जाळी काढ, भोक मोठं कर, पोर्टले कानस मार, सिलिंडरखालचं पॅकिंग काढून टाक. मशीन बोंबलली नाही तं नाव बदलून देतो.

दोन_ठोके

महालवाले भाऊ, तुमच्या आरएक्सचा मान राखून सांगतो, गाडी आणि चेनसॉ यांत एक मोठा फरक आहे. गाडीवर तुम्ही फुल्ल ॲक्सिलरेटर किती वेळ ठेवता? सिग्नल येतो, गड्डा येतो, सक्करदऱ्याला गाय आडवी येते. चेनसॉ लाकडात असते तेव्हा पूर्ण वेळ फुल्लवर असते, तीही स्वतःच्याच धुरात आणि भुशात. त्यामुळे मिक्चर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, थोडं चुकलं तर गाडी माफ करते, चेनसॉ करत नाही.

आता नियमांचं, कारण व्हिडिओत अर्धीच गोष्ट सांगतात. हातात धरून चालवायच्या छोट्या इंजिनांना अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याने, १९९७ पासून मर्यादा घातली. तेव्हा २० ते ५० सीसीच्या इंजिनाने एका किलोवॅट-तासामागे २४१ ग्रॅम हायड्रोकार्बन, म्हणजे बहुतांशी न जळलेलं पेट्रोल, सोडलं तरी चालत होतं. ५० सीसीच्या वर १६१ ग्रॅम. २००२ पासून दुसरा टप्पा आला, त्यात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून अनुक्रमे ५० आणि ७२ ग्रॅम. युरोपनेही हेच दोन आकडे घेतले. लहान मशिनींसाठी ही जवळपास पाचपट कपात आहे, ती नुसता पेच आवळून होण्यासारखी नव्हती.

साध्या दोन-ठोकी इंजिनात नवं मिक्चर आत येतं तेव्हा धूर जायचं दारही उघडंच असतं. सिलिंडरमधला जुना धूर नव्या मिक्चरने ढकलून बाहेर काढायचा, अशीच त्याची रचना. मग त्या ढकलाढकलीत पाव ते तिसरा हिस्सा मिक्चर न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. पेट्रोलही जातं, त्यातलं ऑइलही जातं.

यावर कंपन्यांनी वेगवेगळे रस्ते काढले. कोणी मिक्चर बारीक केलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी केलं, आणि ते कोणी परत जाड करू नये म्हणून पेचांवर टोप्या बसवल्या. कोणी सायलेन्सरमध्ये कॅटॅलिस्टची जाळी घातली. ती न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्येच जाळते, त्यामुळे सायलेन्सर भयंकर तापतो. तिसरा रस्ता खरा हुशारीचा: आधी साध्या हवेचा थर आत सोडायचा, तो जुना धूर ढकलतो आणि बाहेर गळालीच तर हवा गळते, पेट्रोल आतच राहतं. हस्कवार्नाचं एक्स-टॉर्क आणि स्टीलचं टू-मिक्स ही याच जातीची इंजिनं. कंपन्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत बचत सांगतात. म्हणजे नियमामुळे प्रत्येक मशिनीचा गळा आवळला गेला हे खरं नाही. काहींचा आवळला, काही मुळातून सुधारल्या. तुमची कुठल्या जातीची आहे ते आधी पाहा. कार्बोरेटरला एकाऐवजी दोन तोंडं दिसली, किंवा सिलिंडरकडे हवेची वेगळी वाट गेलेली दिसली, तर ती थरवाली.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत या टोप्या काढायला क्लीन एअर ॲक्टखाली मनाई आहे. आपल्याकडे बीएस-६ रस्त्यावरच्या गाड्यांना, सीपीसीबीची (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची) मर्यादा जनरेटरना. चेनसॉ या दोन्हींत बसत नाही. वॉरंटी मात्र जाईल, ते गृहीत धरा.

लकडगंज_जुना

चांगली माहिती दिली दोन_ठोके साहेबांनी. पण काटोलवाले, इंजिनाला हात लावायच्या आधी चेन दाखवा.

माझी उमर लकडगंजात आरामशीनवर गेली. वाळली बाभूळ कापताना खाली काय पडतं ते बघा. चिपट्या पडत असतील, जाडसर, बोटात धरता येतील अशा, तर चेन ठीक आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे आणि तुम्ही मशीन दाबून लाकूड घासताय, कापत नाही. मग सायलेन्सर फोडा की सिलिंडर, पीठच पडणार, फक्त मोठ्या आवाजात.

काटोली_संत्रा

@लकडगंज_जुना काका, चेन मी स्वतः घासतो. दात्याला धार आहे, नखावर लागते. भुसा मधला म्हणा, सुरुवातीला चिपटी, नंतर बारीक.

@दोन_ठोके, कार्बोरेटरला तोंड एकच आहे. सायलेन्सरचं भोक करंगळीएवढं, आत एक बारीक जाळी दिसते.

लकडगंज_जुना

नखावर धार लागणं वेगळं. दात्याच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, रेकर म्हणतात. दाता लाकडात किती खोल जाईल ते तो ठरवतो. धार लावून लावून दाता बुटका होत जातो, रेकर तसाच राहतो, मग दाता लाकडाला टेकतच नाही. उलट काही हौशी लोक रेकर हातच्या अंदाजाने घासतात, तो फार खाली गेला की दाता झेपेल त्याहून मोठा घास घेतो आणि मशीन तिथेच गचका खाऊन थांबते. तुमचं लक्षण मला या दुसऱ्या जातीचं वाटतं.

दात्याच्या टोकापासून रेकर साधारण ०.६५ मिमी खाली पाहिजे. गेज स्वस्त मिळतो, तो घ्या, अंदाज नको. कानस चेनच्या मापाची हवी: ३/८ इंची चेनला ५.५ मिमी, .३२५ इंचीला ४.८ मिमी. कोन ३० अंश. दोन्ही बाजूंचे दाते सारख्या लांबीचे ठेवा, नाहीतर काप वाकडा जातो, पट्टी लाकडात आवळते आणि इंजिन दमतं.

आणखी एक. वाळल्या बाभळीला चौकोनी कोपऱ्याची फुल-चिझल चेन लावू नका, सालीतल्या मातीने तिचा कोपरा लगेच मरतो. गोल कोपऱ्याची सेमी-चिझल लावा. बुंध्याच्या बुडाला माती उडून बसलेली असते, तिथे आधी कुऱ्हाडीने साल तासून काढा.

आरएक्स_महालवाला

काका, हे धार-बीर ठीक हाय, पण ज्याले पॉवर पाहिजे त्याले तुम्ही कानस देऊन राहिले!

लकडगंज_जुना

बाप्पा, मी कानसच देणार, मले दुसरं काही येत नाही.

सावनेर_गॅरेज

मी कापायची मशिनंच दुरुस्त करतो, म्हणून बोलतो.

आत्ता टेबलवर एक पिस्टन आहे. मशीन घेऊन येणाऱ्याने सायलेन्सरचं भोक मोठं करून घेतलं होतं, छान गोल, काम सफाईचं. कार्बोरेटर मात्र तसाच ठेवला. पिस्टनची आत येणाऱ्या मिक्चरकडची बाजू अजून चकचकीत आहे, कंपनीच्या खरादीच्या रेघा दिसतात. धुराच्या दाराकडची बाजू ओरबाडलेली, वरून खालपर्यंत उभ्या रेघा, रिंग खाचेत चिकटलेली, आणि सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा थर चोपडल्यासारखा. ऑइलच घातलं नसतं तर पिस्टन चारी बाजूंनी असा झाला असता. फक्त एकाच बाजूने ओरबाडलं म्हणजे पेट्रोल कमी पडलं, मिक्चर बारीक झालं, ती बाजू तापून फुगली आणि भिंतीला घासली.

सायलेन्सर उघडला की धूर लवकर बाहेर जातो आणि हवा जास्त येते. तेवढं पेट्रोल वाढवलं नाही तर मशीन पहिल्या दिवशी जोरात पळते. बारीक मिक्चरवर कुठलीही मशीन पळते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि मग एक दिवस ओंडक्यात असताना आवाज एकदम चढतो, कर्कश होतो, आणि बंद. दोरी ओढली तर हलत नाही.

म्हणून काटोलवाले भाऊ, टोप्या काढणार नसाल तर सायलेन्सरला हात लावू नका. दोन्ही कामं एकत्र करायची, नाहीतर एकही नाही.

काटोली_संत्रा

हे कोणीच व्हिडिओत सांगत नाही. म्हणजे सायलेन्सर उघडणं हे अर्धं काम, पेच हे अर्धं. पण टोप्या काढल्यावर पेच किती फिरवायचा? "एक वळसा बाहेर" असं काही प्रमाण आहे का?

दोन_ठोके

वळशाचं प्रमाण फक्त मशीन चालू करण्यापुरतं. एच पेच, म्हणजे फुल्ल रेसचा, कानाने आणि मीटरने लावतात. मशीन गरम करून, लाकडाबाहेर, क्षणभर फुल्ल द्या. मिक्चर जाड असेल तर आवाज फुटका, खडबडीत येतो, घर्र-घर्र असा. इंजिन काही ठोके चुकवत असतं. पेच आत घेत गेलं की आवाज साफ होत होत शिटीसारखा होतो. शिटीपर्यंत जायचं नाही. बाहेर घर्र-घर्र आणि लाकडात टेकवल्याबरोबर साफ, ही जागा शोधायची. मॅन्युअलमध्ये कमाल रेस लिहिलेली असते, स्वस्तातला टॅकोमीटर घेऊन त्याच्या खालीच राहा.

इथे एक फसगत होते. हल्लीच्या बऱ्याच मशिनींत कॉइलच रेस अडवते. ठरावीक रेसला ती ठिणगी तोडते आणि आवाज अगदी जाड मिक्चरसारखाच फुटका येतो. माणूस म्हणतो, छान, अजून जाड आहे, आणि पेच आवळत बसतो. प्रत्यक्षात मिक्चर केव्हाच बारीक झालेलं असतं. तुमची कॉइल अडवणारी आहे का ते सावनेरवाल्या भाऊंना दाखवून घ्या. आणि ज्या मशिनींत ऑटोट्यून किंवा एम-ट्रॉनिक आहे, तिथे पेचच नसतो, कार्बोरेटर स्वतः जुळवून घेतो. सायलेन्सर थोडाफार उघडला तरी ती ओढून धरते, पण तिलाही हद्द आहे.

आता पेट्रोलकडे येतो, कारण काटोल्याचं अर्धं दुखणं मला इथे दिसतंय. पंपावर मिळतंय ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉलवाल्याला १४.१ आणि २० टक्केवाल्याला १३.५. कार्बोरेटरचं भोक तेच, म्हणजे ई१० वर बरोबर लावलेली मशीन ई२० वर आपोआप चार टक्क्यांहून थोडी जास्तच बारीक होते. टोपी कंपनीने जिथे अडवलीये ती जागा ई१० धरून अडवलीये. स्टीलच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की हाताने पेच लावायच्या मशिनींना १० टक्क्यांवर इथेनॉल वापरू नका. एम-ट्रॉनिकवाल्यांना ती अट सैल आहे.

म्हणजे अमेरिकेतला माणूस टोपी काढतो ती जास्त ताकदीसाठी. आपल्याकडे सायलेन्सरला हात न लावताही टोपीच्या पलीकडे पेच न्यावा लागतो, मशीन जगवण्यासाठी.

सावनेर_गॅरेज

+१. आणि लोक यावर उपाय काय करतात? ऑइल वाढवतात! ५० ला १ सांगितलंय, म्हणजे लिटरला २० मिली. हे ४०-५० मिली ओततात, "मशीन थंड राहील" म्हणून. बाटलीत ऑइल वाढलं म्हणजे तेवढ्याच भोकातून पेट्रोल कमी आलं. मिक्चर आणखी बारीक, वर प्लगला काजळी, जाळी बुजलेली. ऑइल चांगलं घ्या, एफडी प्रतीचं, आणि मापाने घाला.

पावसाळ्याचं वेगळंच. ई२० ओलावा ओढतं. जास्त पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल आणि ऑइल वर तरंगतं. आणि टाकीतला फिल्टर कुठे पडलेला असतो? तळाला. म्हणजे इंजिन बिनऑइलचं पाणी आणि स्पिरिट पितं. आषाढात कपाटात ठेवलेली मशीन दिवाळीनंतर काढली, त्याच पेट्रोलवर चालू केली, की माझ्याकडे आलीच समजा. ठेवायच्या आधी टाकी रिकामी करा, मग चालू करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा.

वाचनमात्र

१०० ऑक्टेनवालं महाग पेट्रोल टाकलं तर? त्यात इथेनॉल नसतं म्हणतात.

दोन_ठोके

इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० मध्ये नसतं. जिथे मिळतं तिथे चेनसॉसाठी घ्यायला हरकत नाही, लागतंय किती! पण ऑक्टेनने ताकद वाढेल ही आशा नको, या मशिनींचं कॉम्प्रेशन तेवढं नसतं. फायदा फक्त इथेनॉल टळण्याचा. आणि हो, ई२० वर लावलेला पेच त्यावर जाड पडेल, पुन्हा लावावा लागेल.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट, ती फार कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडे सगळे मे महिन्याला घाबरतात. उन्हात इंजिन तापतं हे खरं, पण ४५ अंशांची हवा विरळ असते, त्यामुळे मिक्चर जाडीकडे झुकतं. डिसेंबरात पहाटे १० अंशांना तीच हवा सुमारे बारा टक्के दाट होते आणि त्याच पेचावर मिक्चर साधारण सहा टक्के बारीक होतं. मे मध्ये "एकदम टॉप" लावून घेतलेली मशीन हिवाळ्यात बाग तोडायला काढली, वर मधल्या काळात ई१० जाऊन ई२० आलेलं. दोन्ही मिळून दहा टक्क्यांच्या आसपास फरक. पिस्टन जायला तेवढा पुरतो.

आरएक्स_महालवाला

च्यायला. हे पटलं. थंडीत आमच्या आरएक्सचा प्लग पांढराफटक निघायचा, आम्ही म्हणायचो प्लग डुप्लिकेट हाय.

पण पोर्टिंगचं काय? ते तं कोणीच बोलून नाही राहिलं.

दोन_ठोके

बोलतो. पोर्टिंग कोणी बघून-मोजून केलं तर ताकद मिळते, नाही असं नाही. पण त्यासाठी डिग्री-व्हील लावून दारं कधी उघडतात ते मोजावं लागतं. धुराचं दार रुंद करताना बोअरच्या ६५-७० टक्क्यांपुढे गेलात तर रिंग दारात अडकून तुटते. सिलिंडरला आतून क्रोम किंवा निकासिलचा पातळ थर असतो, कानसीने कड घासली आणि ती नीट गोलसर केली नाही की थराची पापुद्री उडते. आरएक्सला लोखंडी स्लीव्ह होती, पुन्हा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता यायचा. इथे सिलिंडर गेला की गेला.

खालचं पॅकिंग काढायचं तर आधी प्लगच्या भोकातून बारीक सोल्डरची तार सिलिंडरच्या कडेपर्यंत घालून इंजिन हाताने फिरवा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजा. पॅकिंगची जाडी वजा करून ०.५ मिमी उरत असेल तरच काढा. न मोजता काढलं आणि पिस्टन डोक्याला टेकला, तर मशीन बोंबलेल हे भाऊ म्हणाले ते खरं ठरेल.

धुऱ्यावरच्या बाभळीसाठी यातलं काहीही करू नये, असं माझं स्पष्ट मत.

पळस_फुलला

सगळं वाचलं. जाळी काढण्याच्या धोक्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितेय.

@काटोली_संत्रा भाऊ, सायलेन्सरच्या तोंडाशी जी बारीक जाळी दिसतेय ती ठिणगी अडवायची जाळी आहे. महालवाल्यांनी सुरुवातीलाच "जाळी काढ" लिहिलंय. कृपया काढू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून आपल्याकडे वणव्याचा हंगाम धरतात. तेव्हा पानगळीचं जंगल आणि धुऱ्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं. चेनसॉच्या सायलेन्सरमधून निघते ती काजळीची पेटती ठिकरी, आणि ती पडते नेमकी कोरड्या भुशावर. आमच्याकडे पेंचच्या बाजूला या दिवसांत लोक मोहफुलं वेचायला पाला जाळतात, त्यावरूनच किती रामायण होतं. जाळी काळी झाली असेल तर काढून ब्रशने साफ करा आणि परत बसवा. निम्म्या वेळा "मशीनला ताकद नाही" याचं कारण बुजलेली जाळीच असते.

दुसरं, गरम सायलेन्सरची मशीन गवतावर ठेवू नका आणि गरम असताना पेट्रोल भरू नका.

तिसरं जरा वेगळं. वर पेट्रोलचा पाव हिस्सा न जळताच बाहेर जातो असं लिहिलंय. तो जातो कुठे? चेनसॉ चालवणाऱ्याच्या तोंडापासून सायलेन्सर हातभर अंतरावर असतो. त्यात बेंझिन असतं, कार्बन मोनॉक्साइड असतं. संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, त्याला आपण ऊन लागलं म्हणतो. मिक्चर जाड केलं की हे वाढणारच. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर तुमचा प्रश्न. मजुराच्या हातात देणार असाल तर त्याला वारा पाठीमागून नाही, बाजूने येईल असं उभं राहायला सांगा. पाठीमागून आलेला वारा समोर ओंडक्यावर घुटमळतो आणि धूर तोंडाकडेच फिरतो.

उंटावरून_शेळ्या

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिवसरात्र चालू आहेत, आणि काटोल्याच्या एका कटरच्या धुराचा हिशोब चाललाय! नीरीच्या पर्यावरण संशोधकांना बोलवा मोजायला, नागपुरातच आहेत.

पळस_फुलला

कोराडीचा धूर पावणेतीनशे मीटर वरून जातो, हा नाकासमोरून. दोन्हींबद्दल बोलता येतं. तुम्ही कोराडीचा धागा काढा, मी तिथेही येते.

वाचनमात्र

थोडं अवांतर, पण बॅटरीवाली का घेत नाही कोणी? कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२४ पासून नवीन छोटी पेट्रोल इंजिनं विकायलाच बंदी आली म्हणे.

दोन_ठोके

तिथेही सगळी नाहीत. कॅलिफोर्नियाच्या नियमातून ४५ सीसी आणि त्यावरच्या चेनसॉ बाहेर आहेत, कारण शेती आणि बांधकामाची अवजारं म्हणून त्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात. काटोल्याची मशीन तिथेही विकता आली असती. फांद्या छाटायला, संत्र्याच्या वाळक्या काड्या काढायला बॅटरीवाली उत्तम, धूर नाही, कानाला त्रास नाही. बाभळीचा बुंधा आणि वर मे महिन्याचं ऊन म्हटलं तर बॅटरी तापून स्वतःच बंद होते, सावलीत नेऊन ठेवावी लागते.

लकडगंज_जुना

परवानगीचं कोणी विचारलं नाही. संत्रा-बाभळीला प्रश्न नाही, पण धुऱ्यावर मोह, सागवान, आंबा, चिंच असेल तर १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत ती, आडवी पडली असली तरी आधी तलाठी आणि वनखात्याकडे जाऊन या. लाकूड गाडीत घालून आमच्या लकडगंजात आणणार असाल तर कागद लागतो, रस्त्यात अडवतात.

काटोली_संत्रा

मंडळी, मनापासून आभार. अपडेट देतो.

जाळी काढून बघितली. अर्ध्याहून जास्त बुजलेली होती, काजळी नुसती कडक झालेली. साफ करून बसवली. गेज आणला, लावला, तर रेकर खरंच खाली गेलेले; उजवीकडचे जास्त, डावीकडचे कमी. नवी सेमी-चिझल चेन टाकली. सावनेरला भाऊंकडे जाऊन एच पेचाची टोपी काढून ई२० ला लावून घेतलं, सायलेन्सर तसाच ठेवला. कॉइल रेस अडवणारीच निघाली, त्यामुळे त्यांनी मीटर लावून, लाकडात कापत-कापत बसवलं.

काल त्याच बाभळीवर चालवली. पूर्ण पट्टी आत गेली तरी थांबली नाही. थोडी हळू होते, पण ओढते. चिपट्या पडतायत, फोटो टाकतो संध्याकाळी.

आता महालवाले भाऊ म्हणतील की मजा नाही आली. एकच विचारायचं राहिलं: चेन फिरवणारा स्प्रॉकेट ७ दात्यांचा आहे, ८ दात्यांचा टाकला तर चेन जोरात पळेल ना?

सावनेर_गॅरेज

पळेल, पण हवेत. बाभळीत पुन्हा गुदमरेल, तितकीच ताकद आता जास्त वेगाला वाटली जाईल. ८ दात्यांचा पातळ लाकडाला. ७ च ठेवा. आणि स्प्रॉकेटवर चेनने खाच पाडली असेल तर तोही बदला, नव्या चेनला जुना स्प्रॉकेट खातो.

आरएक्स_महालवाला

मजा नाही आली हे खरं हाय. पण माझ्या मावसभावाची मशीन पडून हाय घरी, दोरी हलत नाही म्हणते. सावनेरवाले, रविवारी चालू असते का दुकान?

सावनेर_गॅरेज

दुपारी दोनपर्यंत. येताना पेट्रोलची बाटली पण आणा, कशावर चालवत होता ते बघू.